हेतू आणि शब्द

उत्तम शुक्रवारच्या जुन्या लॅटिन उपासनेत यहुद्यांसाठी जी प्रार्थना होई, तीत त्यांना ‘पेर्फिदिस’ हे विशेषण लावलेले होते. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘अविश्वासी’, त्यामागे द्वेष नव्हता, असे समर्थन पंडित करीत. १९४८ साली रोमने तशा अनुवादास मुभाही दिली. परंतु युरोपातील लोकभाषांत तो शब्द ‘विश्वासघातकी’ असाच ऐकू येई. हेतूवरून बोलणाऱ्याचे पाप ठरते. ऐकणाऱ्याची जखम हेतू पाहून भरत नाही. पापाचा न्याय देवाकडे सोपवावा, शब्दाचा न्याय मात्र आपणच करावयास हवा. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली तो शब्दच गाळला. पूर्वजांना दोषी न ठरविताही प्रार्थना शुद्ध करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या प्रवचनांतील आणि घरातल्या म्हणींतील शब्दांनाही हीच कसोटी लावावी.