तीन केळी म्हणजे किती?

फळं घालून घरी केक करण्याच्या मराठी पाककृती मी गेली दोन वर्षं जवळजवळ व्यसन लागल्यासारख्या वाचते आहे. लिहिलेल्या वाचते, बोललेल्या ऐकते. या वाचनाची सुरुवात साहित्यिक कुतूहलातून झाली असं सांगायला आवडलं असतं, पण ती बाबांच्या वाढदिवसापासून झाली.

बाबांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. वाढदिवसाला श्रीखंड बंद, जिलबी बंद, मग निदान काहीतरी गोड म्हणून मी केळ्याचा केक करायचं ठरवलं. पाककृतीचं नाव होतं ‘नो शुगर, नो मैदा, नो एग, हेल्दी बनाना केक’. ३ पिकलेली केळी, १ वाटी चिरलेला गूळ, १० खजूर, दीड वाटी कणीक, तेल, दही, सोडा. केक सुरेख झाला. बाबांनी सकाळच्या चहाबरोबर दोन तुकडे खाल्ले, संध्याकाळी एक. “साखर नाही ना यात?” असं त्यांनी विचारलं आणि मी अगदी खऱ्या मनाने नाही म्हणाले. त्यानंतर दोन-अडीच महिने दर शनिवारी हा केक होत राहिला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या चाचणीचा आकडा त्या वेळी वर गेलेला निघाला. तो एकट्या केकने गेला असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात त्यांचं फिरणंही बंद होतं. पण डॉक्टरांनी खाण्यात नवीन काय, असं विचारल्यावर बाबा उत्साहाने म्हणाले, “काही नाही हो, फळं वाढवलीत!”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन मी ती पाककृती पुन्हा वाचली, या वेळी एखादी कविता वाचावी तशी, शब्द न् शब्द.

पहिली गोष्ट लक्षात आली ती शीर्षकातले नकार. अमुक नाही, तमुक नाही, ढमुक नाही. पदार्थात काय आहे हे सांगण्याआधी काय नाही याची हमी. केळ्याचा नंबर या रांगेत सगळ्यात शेवटी. आत मजकुरातही केळं दोनदाच येतं, एकदा सामानाच्या यादीत आणि एकदा ‘कुस्करून घ्या’ या आज्ञेत. कोणतं केळं, किती पिकलेलं, याबद्दल अवाक्षर नाही. या प्रकारच्या लेखनात ‘गिल्ट-फ्री’ हा शब्द फार येतो. त्याला मराठी प्रतिशब्द कोणी शोधलेला नाही, हे बरंच आहे. केक खाणं म्हणजे अपराध आणि फळ म्हणजे त्या अपराधाचा जामीन, असा हा सगळा व्यवहार आहे. फळ चवीसाठी घेतलेलं नाही, साक्षीदार म्हणून उभं केलेलं आहे.

साक्ष खोटी कशी, ते आकडेमोड केली की कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा ‘मुक्त’ साखरेतून यावी, ५ टक्क्यांच्या खाली आली तर अधिक चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. मुक्त साखरेत वरून घातलेली साखर येते, मध येतो, पाक येतात आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्ख्या ताज्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. आता माझी वाटी. चिरलेला गूळ त्यात १५० ग्रॅम बसतो. केकचे १० तुकडे. म्हणजे बाबांच्या पोटात तीन तुकड्यांतून ४५ ग्रॅम गूळ, आणि गुळात बहुतांशी असते ती सुक्रोजच, साखरेच्या डब्यात असते तीच. खजूर आणि कणकेतलं पिष्ट यांचा हिशेब वेगळाच राहिला. ‘साखर नाही’ हे वाक्य किराणा दुकानाच्या बिलापुरतं खरं होतं.

आता ‘तीन केळी’. मी वजनकाटा घेऊन बसले. वेलची केळं सोलून ठेवलं तर जेमतेम ४०-५० ग्रॅम भरतं. जळगावहून येणारं मोठं केळं सहज १००च्या वर जातं. म्हणजे तीन केळी हे प्रमाण दुपटीहून जास्त फरकाने हलतं. केळं हिरवट असेल तर त्यात पिष्ट जास्त, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं पिष्ट साखर झालेलं. ठिपकेवालं केळं घेतलं तर गूळ अर्ध्यावर आणता येतो, हिरवट घेतलं तर केक फिका आणि चिकट. ही पाककृती लिहिणाऱ्या व्यक्तीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तिने ते लिहिलं नाही, कारण तिच्या लेखी केळ्याचं काम गोडीचं नव्हतं, शीर्षकात बसायचं होतं.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. तिची थोरवी सांगताना वाटी-चमच्याच्या प्रमाणाचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो रास्त आहे. ‘अंदाजाने’ या शब्दाखाली घराघरांत लपलेलं ज्ञान त्या प्रमाणामुळे नव्या सुनेच्या, परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाच्या हाती आलं. पण वाटी तांदळाला न्याय देते, डाळीला देते, फळाला देऊ शकत नाही. तांदूळ महिनाभर तसाच राहतो, केळं मंगळवारी एक असतं आणि गुरुवारी दुसरं. फळाची पाककृती लिहायची तर प्रमाणाच्या आधी फळाची ओळख लिहावी लागते. जुन्या पाकपुस्तकांनाही हे फारसं जमलेलं नाही. तिथे फळ बहुतेकदा साखरेच्या पाकात भेटतं, मुरांब्यात, साखरांब्यात, जॅममध्ये, नाहीतर कस्टर्डच्या पिवळ्या पुरात बुडालेलं. तेव्हा जुनं ते सोनं असा माझा सूर नाही. एक फरक मात्र आहे. मुरांबा स्वतःला पथ्य म्हणवत नव्हता.

इथे एक आडवळण घेते. आपल्याकडे फळ विकत आणायच्या जुन्या जागा दोन, देवघर आणि दवाखाना. सत्यनारायणाला पाच फळं, आणि ऑपरेशन झालेल्या मामांना बघायला जाताना सफरचंदं, मोसंबी. निरोगी माणसाने मंगळवारी दुपारी उगाच पेरू चिरून ताटात घ्यावा, ही गोष्ट शहरी मध्यमवर्गात तशी दुर्मीळच. खरं तर ताटात फळाला जागा होती. पिकल्या केळ्याची दह्यातली कोशिंबीर, पेरूची कोशिंबीर, कोकण-गोव्याकडचं मोहरी वाटून केलेलं आंब्याचं किंवा अननसाचं सासव. सासवात आंबा गोड असतो, तिखट असतो आणि नाकात चढतो. ते खाताना आपण काही आरोग्यदायी करतो आहोत असं कुणाच्या मनातही येत नाही. पण हे पदार्थ सणापुरते उरले आणि फळ दवाखान्याच्या पिशवीतच राहिलं. आजचं ‘हेल्दी’ हे विशेषण त्या पिशवीतूनच आलेलं आहे, असं मला वाटतं.

फळाची ओळख लिहायची म्हणजे काय, याचा एक नमुना इंग्रजीत आहे. जेन ग्रिगसन यांचं ‘फ्रूट बुक’, १९८२ सालचं. पुस्तकाची रचना पदार्थांनुसार नाही, फळांच्या नावांनुसार आहे, अकारविल्हे. प्रत्येक फळावर आधी छोटा निबंध, मग ते निवडायचं कसं आणि चिरायचं-सोलायचं कसं, आणि नंतर पाककृती. त्यात लोण्याची आणि साखरेची मुळीच काटकसर नाही. पण वाचणारा माणूस आधी फळाजवळ थांबतो. तिथली बरीच फळं मला कधी मिळणार नाहीत, तरीही त्या पुस्तकाने मला बाजारात जास्त वेळ उभं राहायला शिकवलं. मराठीत असं पुस्तक व्हायला सामग्री कमी नाही. वसईच्या राजेळी केळ्याचंच बघा. ते उन्हात वाळवून सुकेळी करतात. साखरेचा कण न घालता केळं टिकवायची ही युक्ती, आणि आमच्या ‘नो शुगर’ केकमध्ये तिचं नावही नाही.

आणि धोंडस आहे. घरी भाजायचा केक ही गोष्ट ओव्हनबरोबर आली, असं आपण धरून चालतो. पाठारे प्रभूंच्या घरांत भानोलं खाली-वर निखारे ठेवून भाजलं जात होतं, तसंच कोकणात धोंडस. राजापूरजवळच्या आत्याकडे मी ते लहानपणापासून खाल्लं, पण त्याची कृती विचारली ती बाबांच्या प्रकरणानंतर. फोनवर लिहून घेत होते.

“काकडी कुठली आहे तुझ्याकडे?” आत्याने विचारलं.

“बाजारातली. साधी.”

“ती कोवळी? तिचं धोंडस नाही व्हायचं गं. तवसं हवं, जून, पिवळं पडलेलं. भादव्यानंतर मिळेल. तोवर थांब.”

पाककृती इथेच संपली, कारण जून महिना होता. मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी जाणवलं की दोन वर्षांत वाचलेल्या शंभरेक पाककृतींपैकी एकीनेही मला थांब म्हटलं नव्हतं. पुढे आश्विनात तवसं मिळाल्यावर तिने उरलेलं सांगितलं. तवसं किसायचं, त्याचं पाणी टाकायचं नाही. तांदळाचा रवा तुपावर भाजून त्या पाण्यातच शिजवायचा, वरचं पाणी अजिबात नको. गूळ, ओलं खोबरं, मीठ, वेलची. पाणी किती सुटेल त्यावर रवा किती ते ठरणार. “रवा मोजून मला विचारू नकोस, कीस बघ आणि घाल.” मग जाड बुडाच्या भांड्यात खाली मंद आच, झाकणावर निखारे. मी ओव्हनमध्ये केलं, कडा खरपूस झाल्या, मध्ये मऊ राहिलं.

तवशाला फळ म्हणायचं की भाजी, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांनी केव्हाच फळाच्या बाजूने सोडवला आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आत्याच्या कृतीत प्रत्येक पाऊल फळाला विचारून पडतं. त्यात गूळ भरपूर आहे. धोंडस पथ्याचं नाही, आणि आत्या तसं म्हणतही नाही. बाबांसाठी करू का, असं विचारलं तर म्हणाली, “दादाला एवढंसं दे, बोटाएवढं. आणि जेवणातला भात काढ.”

केळ्याच्या केकचा मूळ इतिहासही याच जातीचा आहे. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, तो अमेरिकन पाकपुस्तकांत रुळला. बेकिंग सोडा आणि पावडर घरोघरी आलेली होती आणि काळी पडलेली केळी फेकवत नव्हती. ती काटकसर होती. बरक्या फणसाचा रस तांदळाच्या रव्यात मुरवून सांदणं करण्यामागेही तेच, एका फणसाचं करायचं काय. २०२०च्या टाळेबंदीत हाच केक आपल्याकडे घरोघर झाला तेव्हा मात्र मुद्दाम ताजी केळी आणून, पिकायची वाट न बघता झाला. पदार्थ आला, त्यामागची गरज आली नाही.

आजच्या लेखनात चांगलं काहीच नाही असं नव्हे. काही जणी ग्रॅममध्ये वजन देतात, तापमान देतात, पीठ किती सैल हवं ते दाखवतात. हे जुन्या पुस्तकांत सहसा नव्हतं. एका पाककृतीत कच्चा अननस दह्यात घालू नका, त्यातल्या विकरामुळे कडू होतं, आधी शिजवा, असं कारणासहित लिहिलेलं वाचून मी खूश झाले होते. आणि हापूसच्या केकबद्दल एकीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, भाजताना वास घरभर सुटतो म्हणजे तो केकमधून जातो, तेव्हा आंबा वरून कापून घाला. हे एक वाक्य मला ‘हेल्दी’ या विशेषणाच्या पन्नास वापरांपेक्षा मोलाचं वाटतं. तिला आंबा आवडतो हे त्यातून कळतं.

माझ्या छापील कागदावर आता ‘३ केळी’ खोडून ‘सोलून ३०० ग्रॅम, सालीवर ठिपके आलेली’ असं लिहिलंय. गूळ पाऊण वाटी कमी केला, खजूर काढले, अक्रोड घातले. शीर्षकातले तिन्ही ‘नो’ खोडले. तो केक बाबा महिन्यातून एकदा खातात, एक तुकडा. बाकी दिवशी दुपारी पेरू. ते त्याच्या फोडी करतात, तिखटमीठ लावतात आणि आईला सांगतात की हा परवाच्यापेक्षा बरा आहे, त्या दुसऱ्या गाडीवरूनच घेत जा.