भूकंपसूचक की नुसता बझर?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत 'भूकंपसूचक यंत्र' हमखास दिसते. टांगलेला लोलक, त्याच्या टोकाला चुंबक, खाली हॉल संवेदक आणि एक बझर. टेबल हलवले की बझर वाजतो आणि पाहणारे खूश होतात. रचना सोपी आहे, खर्चही थोडा आहे. आमचा आक्षेप आहे तो यंत्राच्या नावाला आणि त्यासाठी निवडलेल्या संवेदकाला.

आधी नावाबद्दल. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ हून अधिक रिश्टरचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. अशा गावातले मूल 'सूचक' याचा अर्थ 'आधी सांगणारे' असाच घेणार. प्रत्यक्षात जमीन हलल्यावरच हे यंत्र हलते. भूकंपाचे केंद्र ८ ते १० किलोमीटरवर असेल, तर पहिल्या वेगवान लहरी आणि नंतरच्या जास्त हादरवणाऱ्या लहरी यांच्यात जेमतेम एका सेकंदाचे अंतर असते. तेवढ्या वेळात झोपलेले घर जागेही होत नाही.

आता संवेदकाबद्दल. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवले. या तत्त्वावरचे तीन पायांचे संवेदक दोन प्रकारचे मिळतात आणि दिसायला जवळपास सारखेच असतात. ए३१४४ हा अंकीय. तो फक्त चालू किंवा बंद होतो. एसएस४९ई हा सदृश. ५ व्होल्ट पुरवठ्यावर आणि चुंबक दूर असताना तो सुमारे २.५ व्होल्ट दाखवतो. पुढे दर गॉसला सुमारे १.४ मिलिव्होल्टने हा आकडा वाढतो, आणि चुंबकाचा ध्रुव उलटा केला की घटतो. पहिला संवेदक 'हलले' एवढेच सांगतो. किती हलले, कोणत्या बाजूला, किती वेळ, हे दुसराच सांगू शकतो. बझरसाठी पहिला पुरतो, पण विज्ञान शिकवायचे तर दुसराच हवा.

मात्र सदृश संवेदक वापरला की काम संपले, असेही नाही. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, अर्थात साडेतीन गॉसची. चुंबक १ मिलिमीटर सरकल्यावर क्षेत्र १०० गॉसने बदलत असेल, तर ०.०३५ मिलिमीटरहून लहान हालचाल या जोडणीला दिसणारच नाही. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसहूनही कमी आहे. तेव्हा याच जोडणीला 'होकायंत्र' म्हणणेही चुकीचे आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग सोडून देऊ नये, तो सुधारून घ्यावा. आर्डुइनो नसला तरी चालेल. दोन समान रोध एकापुढे एक जोडून पुरवठ्याचा अर्धा दाब मिळवावा. तो बिंदू आणि संवेदकाचा निर्गम यांच्यामध्ये मल्टिमीटर २००० मिलिव्होल्टच्या श्रेणीवर लावावा. चुंबक ५, १०, १५, २० मिलिमीटरवर ठेवून मुलांना आकडे लिहू द्यावेत व आलेख काढू द्यावा. आलेख सरळ रेषेत येत नाही, अंतर वाढताच क्षेत्र झपाट्याने घटते, हे मुलांना स्वतःच दिसेल. मगच लोलक टांगावा.

या भागात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. त्यांचेही काम झालेल्या धक्क्याची नोंद करण्याचेच. पुढचा धक्का केव्हा बसेल, हे तेही सांगत नाहीत. मग शाळेतल्या लोलकाला 'सूचक' कसे म्हणावे? त्याला 'कंपनदर्शक' म्हणावे. भिंतीला तडा गेलेल्या घरात राहणाऱ्या मुलाला खोटा दिलासा देण्यापेक्षा यंत्र काय सांगू शकत नाही, हे शिकवणे अधिक मोलाचे आहे.