आर्चरचा ‘स्वर्ग’

जेफ्री आर्चर आपल्याकडे विमानतळावर नाहीतर फुटपाथवर भेटतो. त्याची तुरुंगाची डायरी मात्र कमी वाचली जाते. तिच्या तीन भागांना त्याने दान्तेची नावं दिलीत: नरक, शुद्धिलोक, स्वर्ग. नरक म्हणजे लंडनचा बेलमार्श. स्वर्ग म्हणजे लिंकनशरमधलं नॉर्थ सी कॅम्प, हे खुलं कारागृह.

खोट्या साक्षीसाठी २००१ मध्ये चार वर्षांची शिक्षा झालेला हा लॉर्ड इथे दवाखान्यात मदतनीस होता. भिंत नाही, हजेरीला उभं राहायचं, एवढंच. पळणं सोपं, म्हणून न पळणं रोज नव्याने ठरवावं लागतं. हा ताण मला त्याच्या लिखाणात पुरेसा दिसत नाही. तो माणसं भराभर टिपतो, कथानक सापडतंय का बघतो आणि पुढे सरकतो.

पण एका मुद्द्यावर तो थांबतो. गांजा लघवीत कित्येक दिवस सापडतो, हेरॉइन लवकर निघून जातं. त्यामुळे सक्तीची तपासणीच कैद्यांना हेरॉइनकडे ढकलते. अशा वेळी डायरी खरी वाटते.

पुढे रजेवर असताना एका मेजवानीला गेला, म्हणून त्याला लिंकनच्या बंद तुरुंगात हलवलं. स्वर्ग असा एका जेवणात जातो! सप्टेंबर २०२४ मध्ये जागाच उरली नाही म्हणून ब्रिटनने अनेकांना ४० टक्के शिक्षा भोगल्यावरच सोडलं. त्या गर्दीतल्या कोणाकडे प्रकाशक नव्हता. त्यांची डायरी मला वाचायचीय.