‘युगंधर’ : सात निवेदक, एक वाणी

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि पौराणिक कादंबरीच्या वाचकवर्गात तिने अढळ स्थान मिळविले. मधल्या काळात, १९७९ साली, त्यांची ‘छावा’ ही ऐतिहासिक कादंबरी आली. तेहेतीस वर्षांनंतर, २००० साली, त्यांनी ‘युगंधर’ लिहून पुन्हा महाभारताचे क्षेत्र निवडले. पहिल्या कृतीचा नायक कर्ण होता, दुसरीचा श्रीकृष्ण. निवेदनाची पद्धती मात्र तीच, म्हणजे पात्रांनी आळीपाळीने आत्मनिवेदन करण्याची. पद्धती एक, कथाक्षेत्र एक, लेखणीही एकच. असे असूनही ‘युगंधर’ वाचकाची निराशा करते. या निराशेचे कारण केवळ विस्तारात शोधणे पुरेसे नाही. ते निवेदनाच्या भाषेत शोधावे लागते.

‘मृत्युंजय’मध्ये नऊ विभाग असून कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. भाषेच्या दृष्टीने या सहांत फारसा भेद नाही. सूताघरी वाढलेला शोण आणि राजकन्या कुंती दोघेही तीच संस्कृतप्रचुर, उपमांनी ओथंबलेली मराठी बोलतात. तरीही तेथे हा दोष जाणवत नाही, कारण भाषाभेदाची उणीव ज्ञानभेदाने भरून निघते. कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीला ठाऊक आहे. ते वृषालीला ठाऊक नाही, शोणाला नाही, आणि स्वतः कर्णाला तर दीर्घकाळ नाही. प्रत्येक निवेदक जे सांगतो त्याहून जे त्याला सांगता येत नाही ते अधिक बोलके ठरते. शोण ज्याला बंधू म्हणतो तो त्याचा सहोदर नाही, हे वाचक जाणतो आणि शोण जाणत नाही. या एका अंतरामुळे शोणाचे साधे वाक्यही करुण होते.

‘युगंधर’मध्ये श्रीकृष्ण, रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव असे सात निवेदक आहेत. कृष्णचरित्रावर शतकानुशतके साचलेली चमत्कारांची पुटे दूर करून माणूस म्हणून कृष्ण उभा करावा, हा लेखकाचा हेतू स्तुत्य आहे. परंतु येथे कोणापासूनही काही लपलेले नाही. कर्णाप्रमाणे कृष्णही आरंभी स्वतःच बोलतो. कर्ण मात्र स्वतःला न जाणता बोलतो, कृष्ण जाणून बोलतो. नायकानेच आपला अर्थ सांगून टाकल्यावर उरलेल्या सहांना साक्ष देण्यापलीकडे काम राहत नाही. ज्ञानभेदाचा आधार नाहीसा झाला म्हणजे भाषाभेदावर भार येतो. तो भार पेलण्याची सिद्धता या कादंबरीच्या भाषेत नाही.

रुक्मिणीच्या निवेदनात ही उणीव विशेष खटकते. विदर्भकन्येच्या या प्रेमकथेला मराठीत मोठी परंपरा आहे. महदंबेचे ‘धवळे’ आणि नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ही तेराव्या शतकातील रचना, पुढे १५७१ सालचे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि १९१६ साली रंगभूमीवर आलेले खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ हे या परंपरेतील ठळक टप्पे होत. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी स्वतः संदेश धाडून आपले हरण करण्यास कृष्णाला बोलाविते. आपली निवड आपणच शब्दांत मांडणारी ही स्त्री आहे. तिच्या हाती निवेदन देणे ही कादंबरीकाराला लाभलेली केवढी मोठी संधी! परंतु ‘युगंधर’मधील रुक्मिणी जे बोलते ते बहुतांशी कृष्णाविषयी आणि कृष्णाच्याच शब्दकळेत. प्रेमकथेत दोन वाणी असाव्या लागतात. येथे एकीचाच प्रतिध्वनी ऐकू येतो.

यावर असा आक्षेप येईल की, पुराणकालीन पात्रांना बोलीभेद देणे हास्यास्पद होईल. कौंडिण्यपूरच्या राजकन्येने वऱ्हाडीत ‘डोया’ म्हणावे काय? तशी अपेक्षा कोणी करणार नाही. वाणीभेद म्हणजे बोलीचे अनुकरण नव्हे. वाक्याची लांबी, संबोधनाची रीत, एखाद्या वस्तूला दिलेले नाव, एखाद्या गोष्टीविषयी पाळलेले मौन, यांतून वाणी घडते. दारुकाच्या निवेदनात विषय सारथ्याचा आणि वाक्य राजसभेचे, अशी विसंगती सतत जाणवते. ज्याचे अवघे आयुष्य लगामांच्या ताणावर गेले, त्याच्या वाक्यात तो ताण उतरत नाही. सारथ्याला निवेदकाचे आसन देण्यात लेखकाचे औदार्य आहेच. पण आसन दिले आणि भाषा दिली नाही, तर ते औदार्य अर्धेच राहते.

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला अन्य वाचकांहून अधिक तीव्रतेने जाणवावा, असे येथील भाषास्थिती पाहता म्हणता येते. या दोन जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी आणि माडिया शेजारी नांदतात, सिरोंच्याकडे तेलुगू चालते आणि चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली ऐकू येते. आठवडी बाजारात तोंडातून निघालेल्या पहिल्याच वाक्यावरून माणसाचा मुलूख ओळखू येतो. ‘पाणी’चे ‘पानी’ करणाऱ्या झाडीबोलीत ण नाही, तसा ळही नाही. अशा प्रदेशात वाढलेल्या कानाला सात माणसे एकसारखी बोलतात हे खरे वाटत नाही. स्यमंतक मण्याच्या कथेतून कृष्णाची पत्नी झालेली जांबवती ही वनातील ऋक्षराजाची कन्या. द्वारकेत पाऊल टाकल्यावर ती कोणत्या भाषेत बोलली असेल, हा प्रश्न येथील वाचकाच्या मनात सहज उद्भवतो. निवेदकांच्या सप्तकात मात्र तिला स्थान नाही.

याच प्रदेशातील झाडीपट्टी रंगभूमीने हा प्रश्न आपल्या परीने हाताळला आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात, वडसा येथे केंद्र असलेल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर चालणारी नाटके करतात. नायक प्रमाण मराठीत बोलतो आणि झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. या वाटणीतही अन्याय आहे, कारण बोलीला हशा मिळतो, गांभीर्य मिळत नाही. तथापि तेथे निदान दोन वाणी ऐकू येतात, आणि कोण कोठून बोलत आहे हे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळते. पौराणिक कादंबरीने बोलीला हशाही दिला नाही. तिने ती ऐकलीच नाही.

प्रश्न केवळ एका कादंबरीच्या यशापयशाचा नाही. कुमारवयात पौराणिक कादंबरी वाचणारा विद्यार्थी तीतून कथेबरोबरच भाषेविषयीची एक समजूतही उचलतो. थोर माणसे एकाच भाषेत बोलतात आणि ती आपल्या घरची नाही, अशी ती समजूत होय. ‘मृत्युंजय’मध्ये ती रहस्याच्या आड दडून राहिली. ‘युगंधर’मध्ये ती उघडी पडली, आणि म्हणूनच ही फसलेली कृती अभ्यासकाला यशस्वी कृतीहून अधिक शिकविते. निवेदक वाढविल्याने दृष्टिकोण वाढत नाहीत. त्यासाठी प्रत्येक निवेदकाला स्वतःचे अज्ञान द्यावे लागते, नाहीतर स्वतःचे वाक्य. सावंतांनी पहिल्या कादंबरीत यांपैकी एक दिले होते. दुसरीत दोन्ही राहून गेले.