सिंहाच्या भुवया

१९९४च्या ‘द लायन किंग’मध्ये सिंबा मेलेल्या मुफासाच्या पंजाखाली शिरतो, तेव्हा त्याच्या भुवया वर चढतात, डोळे वाहू लागतात. खऱ्या सिंहाला अशा भुवया नसतात; चित्रकारांनी त्या माणसाकडून उसन्या घेतल्या. जॉन फाव्रोच्या २०१९च्या आवृत्तीला ‘लाइव्ह अ‍ॅक्शन’ म्हटलं जातं, पण तीही जवळपास सगळी संगणकावरच घडवलेली आहे. म्हणजे सिंबाला रडवण्याची मुभा होती; हुबेहूबपणाच्या हट्टापायी ती सोडून दिली. आयाळीतला केस न् केस खरा वाटतो, चेहऱ्यावर मात्र फारसं काही उमटत नाही. दोन्हीकडे मुफासाला आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचाच. तरी पहिल्या चित्रपटात आपला बाप जातो. दुसऱ्यात एक सिंह मरतो.