शोकान्त कादंबरी आणि संवेग

शोकान्त कादंबरी वाचकाला प्रिय का होते, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. करुणरसापासून आनंद कसा होतो, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक पात्राशी समरस होतो, पण आपण त्याहून वेगळे आहोत हे भान त्याला सुटत नाही. म्हणून परक्याचे दुःखही त्याला आस्वाद्य वाटते, असा तिचा आशय. अ‍ॅरिस्टॉटलचे विरेचन तर विद्यार्थ्यांना पाठच असते. परंतु या चर्चेत बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : पुस्तक मिटले की प्रश्न मिटला. पालि परंपरा विचारायला सुरुवात करते ती नेमकी तेथून.

संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाचे सुत्त आहे. रंगभूमीवर लोकांना रमविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, हे खरे काय, असे तो तथागतांना विचारतो. तथागत दोनदा उत्तर देण्याचे नाकारतात. तिसऱ्यांदा सांगतात ते असे, की प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बद्ध असतात. नट त्यांच्यापुढे ती बंधने अधिक घट्ट करणाऱ्या गोष्टी मांडतो. यावरून बौद्ध परंपरा कलाविरोधी ठरविण्याची घाई काही अभ्यासक करतात. तालपुट पुढे भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि थेरगाथेत स्वतःच्या चित्ताला उद्देशून रचलेल्या त्याच्या दीर्घ गाथा आहेत, हे ते विसरतात. वाणी त्याने टाकली नाही. तिचे काम बदलले.

अंगुत्तरनिकायातील पतोदसुत्त आमच्या विषयाला याहूनही जवळचे आहे. तेथे चार उत्तम घोड्यांची उपमा येते. एक घोडा पराणीची सावली पाहूनच सावध होतो, दुसरा केसाला टोचल्यावर, तिसरा कातडीला, चौथा हाडाला टोचल्यावर. माणसांचेही तसेच. अमुक गावी कोणी स्त्री वा पुरुष दुःखात आहे किंवा मरण पावला आहे, एवढे नुसते ऐकून एकाला संवेग होतो. दुसऱ्याला ते डोळ्यांनी पाहावे लागते, तिसऱ्याचा आप्त जावा लागतो, चौथ्याला स्वतःच्या देहात वेदना व्हाव्या लागतात. कादंबरीचा वाचक यांपैकी पहिला. ज्याला त्याने कधी पाहिले नाही, जो कदाचित झालाही नाही, अशा माणसाचे दुःख तो ‘ऐकतो’ आणि हलतो. सुत्तकाराने त्याला पहिले स्थान दिले आहे. शोकान्त कथेची ओढ ही दुबळ्या मनाची खोड आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र या सुत्तातला प्रत्येक जण संवेगानंतर सम्यक् प्रयत्नास लागतो. त्याच निकायाच्या एककनिपातात असेही म्हटले आहे, की संवेग होऊन योग्य रीतीने प्रयत्न करणारे थोडे. संवेग होऊनही प्रयत्न न करणारे अधिक. शोकान्त कादंबरीचा रसिक बहुधा या दुसऱ्या गटात सापडतो, आणि त्याच्या आवडीचे मर्मही तेथेच आहे. डोळे भरून आले म्हणजे आपण संवेदनशील आहोत याचा पुरावा हाती आला, आणि त्यासाठी किंमत काहीच द्यावी लागली नाही. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी करुणेचे दोन वैरी सांगितले आहेत : दूरचा वैरी विहिंसा, जवळचा वैरी गृहाश्रित दौर्मनस्य. क्रौर्य ओळखता येते. ऐहिक खिन्नता मात्र करुणेच्या इतकी शेजारी राहते की तिलाच करुणा समजले जाते. हिंसा शमणे हे करुणेचे साफल्य आणि शोक उपजणे हे तिचे अपयश, असे आचार्य म्हणतात. करुणरसाच्या समीक्षेला हा निकष कधी लावून पाहिला गेला आहे काय?

आम्ही तो दोन कादंबऱ्यांना लावून पाहतो. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. यमूचे वैधव्य आणि तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन वाचून पिढ्यान् पिढ्या रडल्या. आपट्यांचे मोठेपण असे, की दुःख कोणी दिले हे ते लपवीत नाहीत. शंकरमामंजींसारखी माणसे नावानिशी उभी करतात. कादंबरीचे नावच मनसिकाराचा प्रश्न आहे. तरी तिचे जग एका जातीच्या वाड्यांपुरते आहे, आणि तेथील रूढीचे मूळ वर्णव्यवस्थेत आहे हे तिच्या लक्षात येत नाही.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिकचे दुःख दारिद्र्याचे आहे. नवऱ्याला जडलेला महारोग, मुलांचे पोट आणि तिचे कणाकणाने खचणे लेखक वऱ्हाडी बोलीत, आवाज न चढविता सांगतो. तो स्वतः रडत नाही, त्यामुळे वाचकालाही स्वस्तात रडता येत नाही. आमच्या मते मराठीतील अगदी थोड्या कादंबऱ्यांना हे साधले आहे. उणीव एवढीच, की कौतिकवर कोसळणारे सारे निसर्गक्रमासारखे वाटू लागते आणि वाचक ‘नशीब’ म्हणून पुस्तक ठेवतो.

‘नशीब’ या शब्दापाशी आपण, बाबासाहेबांचे वाचक, थांबलो पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले, की जीवन हेच दुःख असे म्हटले तर माणसाला आशा कोणती? वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथाही त्यांनी नाकारली आणि तिच्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला संघर्ष ठेवला. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी कथानक बदलले. प्रेक्षणीय दुःखाच्या जागी सकारण दुःख आले.

हे आज बोलण्याचे कारण आमच्या घरचेच आहे. दलित आत्मकथने आणि कथा वाचून हेलावणारा सवर्ण वाचक दीर्घकाळ आपल्याला लाभला. तो अश्रूंची दाद देतो आणि आपल्या जागी राहतो. त्याच्या अश्रूंसाठी लिहिण्याचा मोह आमच्याही काही लेखकांना झाला आहे. वेदनेचा तपशील वाढतो, कारणांचा कमी होतो. याउलट अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) पाहावी. तीही शोकान्तच, पण ती आपण बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे हे अण्णा भाऊंनी पहिल्याच पानावर सांगितले, आणि फकिराचा शेवट वाचून उठणारा वाचक हुंदके देत बसत नाही, गावाचा आणि सरकारचा हिशेब मागू लागतो.

थेरीगाथेतील उब्बिरी मुलीसाठी स्मशानात रडत असते. तथागत तिला विचारतात, जीवा याच नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली येथे जळाल्या, तू कोणासाठी रडतेस? वरवर कठोर वाटणाऱ्या या प्रश्नाने तिचे दुःख लहान होत नाही; ते एकटे राहत नाही. आपल्या कादंबरीकारांपैकी हा प्रश्न पात्राला विचारणारे कोण, आणि वाचकाला विचारणारे कोण, याची छाननी पालि आणि मराठी या दोहोंच्या अभ्यासकांनी मिळून करावयाची आहे.