१५ मिलिमीटरचा फरक

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला पिस्तूल म्हणजे पिस्तूल. ते कोणत्या कारखान्याचे, त्याची नळी किती लांब, मॅगझिनमध्ये काडतुसे किती, असले प्रश्न त्याला सहसा पडत नाहीत. इंग्रजी थरारकथेचा वाचक मात्र ते विचारतो, आणि ही सवय त्याला लावण्यात इयान फ्लेमिंगचा वाटा मोठा आहे. ‘डॉक्टर नो’ (१९५८) या कादंबरीच्या आरंभी जेम्स बाँडचे जुने बेरेटा काढून घेतले जाते आणि त्याच्या हाती वॉल्थर पीपीके येते. तपशिलाची अचूकता हे या प्रसंगाचे बळ आहे, असा सर्वसाधारण समज. मला तो मान्य नाही. हा तपशील तपासायला घेतला की जागोजागी गळतो, तरीही कादंबरीतला प्रसंग उभा राहतो. पडद्यावर तोच प्रसंग पातळ होतो. असे का व्हावे, हे समजण्यासाठी आधी त्या वस्तूकडे नीट पाहायला हवे.

कार्ल वॉल्थर कंपनीने ‘पीपी’ हे पिस्तूल १९२९ मध्ये जर्मनीत आणले. पीपी म्हणजे पोलिसांचे पिस्तूल. पहिली गोळी झाडण्यासाठी त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागत नाही. चाप दाबला की घोडा आपणच मागे जातो आणि आदळतो. भरलेले पिस्तूल अंगावर बाळगणाऱ्याला ही सोय मोलाची. साध्या वेशातल्या पोलिसांसाठी लवकरच त्याचे धाकटे भावंड निघाले, ते पीपीके. पीपीची लांबी १७० मिलिमीटर आणि नळी ९८; पीपीकेची लांबी १५५ आणि नळी ८३. दोन्हीकडे फरक १५ मिलिमीटरचाच. ७.६५ मिलिमीटरची काडतुसे पीपीच्या मॅगझिनमध्ये ८ मावतात, पीपीकेच्या ७. पीपीच्या मुठीची पाठ पोलादी सांगाड्याचाच भाग असते. पीपीकेत ती पाठ काढून मुठीवर प्लास्टिकचे एकसंध वेष्टन चढवलेले असते. १९६८ च्या अमेरिकी कायद्यानंतर आयात पिस्तुलांना किमान उंचीची अट आली आणि पीपीके थोडक्यात अपुरे पडले. मग पीपीच्या सांगाड्यावर पीपीकेची नळी आणि स्लाइड बसवून ‘पीपीके/एस’ तयार झाले. या तिघांतून एक निवडणे म्हणजे लपवणे आणि पकडणे यांचा हिशेब मांडणे. पिस्तूल जितके लपते, तितकी हाताला पकड कमी मिळते.

फ्लेमिंगपर्यंत हा हिशेब पोहोचला तो पत्रातून. जेफ्री बूथ्रॉइड या ग्लासगोच्या शस्त्रवेड्या वाचकाने १९५६ मध्ये त्याला लिहिले की, बाँडचे .२५ बेरेटा हे बायकी हत्यार आहे. त्याची शिफारस होती स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरची आणि बर्न्स-मार्टिन होल्स्टरची. फ्लेमिंगला मात्र बाँडकडे ऑटोमॅटिक पिस्तूलच हवे होते. पुढच्या पत्रव्यवहारात पीपीके ठरले, आणि कादंबरीत पत्रलेखकच ‘मेजर बूथ्रॉइड’ होऊन अवतरला. पण फ्लेमिंगने पिस्तूल एका यादीतून घेतले आणि होल्स्टर दुसऱ्या. बर्न्स-मार्टिन होल्स्टर रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेले. पीपीके त्यात नीट बसत नाही. आणखी एक गोष्ट चाहते सोयीस्करपणे विसरतात. कादंबरीतला मेजर पीपीकेला सर्वोत्तम म्हणतच नाही. त्याच्या क्रमवारीत ते चौथे आहे. हलका चाप, मॅगझिनच्या टोकाला बोट टेकवायला असलेला पुढे आलेला भाग आणि जगात कुठेही मिळणारी काडतुसे, एवढ्या कारणांवर तो ते सुचवतो.

मग प्रसंग टिकतो कशाने? तो पिस्तुलाच्या निवडीचा प्रसंगच नाही. बाँड काहीच निवडत नाही. आधीच्या कादंबरीच्या शेवटी तो मरणाच्या दारात पोहोचला होता. त्याचा ठपका वरिष्ठ साहेब आता बेरेटाच्या अडकलेल्या सायलेन्सरवर ठेवतो आणि तज्ज्ञाला बोलावून त्याच्यासमक्ष बाँडच्या हत्याराची निंदा करवतो. बाँडचा त्या कुरूप लोखंडाशी १५ वर्षांचा संसार झालेला आहे. लांबीरुंदीचे सगळे आकडे त्या खोलीत एका माणसाचा पाणउतारा करण्यासाठी वापरले जातात. जुन्या कामगाराच्या हातचे अवजार काढून घेऊन नवे द्यावे, आणि हे तुझ्याच भल्यासाठी असे सांगावे, तशी ही शिक्षा आहे. होल्स्टर चुकले तरी ही नस चुकत नाही. म्हणून प्रसंग जिवंत राहतो. त्यातला खोडसाळपणाही पाहण्यासारखा आहे: एवढी शस्त्रचर्चा करून शेवटी खलनायक मरतो तो पक्ष्यांच्या विष्ठेच्या ढिगाखाली गाडला जाऊन.

१९६२ च्या चित्रपटात अपमानाची ही बाजू आटोपती होऊन विनोदाकडे झुकते, आणि वस्तूंची तर अदलाबदलच होते. पीपीके म्हणून बाँडला जे दिले जाते ते प्रत्यक्षात पीपी आहे. कादंबरी ज्यांवर उभी आहे असे सांगितले जाते, ते १५ मिलिमीटर पडद्यावर कुणाला दिसतही नाहीत. पुढच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी छायाचित्रे घेताना पिस्तूलच हजर नव्हते, तेव्हा शॉन कॉनरीच्या हाती छायाचित्रकाराचे वॉल्थर एअर पिस्तूल देण्यात आले. तेही खपले. नाव पक्के झाले की वस्तू कोणतीही चालते.

पण टेबलावर काढून ठेवलेल्या दुसऱ्या पिस्तुलापाशी मराठी वाचकाला थांबावे लागते. कादंबरीतल्या .२५ बेरेटाऐवजी चित्रपटात दिसते ते बेरेटा १९३४, ९ मिलिमीटरचे. बाईच्या पर्समध्ये शोभेल असे हलके, माणसाला थोपवण्याची ताकद नसलेले, असा शेरा त्याच्यावर मारला जातो. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसच्या प्रार्थनेच्या वेळी नथुराम गोडसेच्या हातात याच मॉडेलचे पिस्तूल होते. तीन गोळ्या पुरल्या. त्या निवडीची हकिकत लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या नोंदीत आहे, आणि तिथे तज्ज्ञ नाही, यादी नाही, क्रमवारी नाही. २० जानेवारीला दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत कटवाल्यांनी रिव्हॉल्व्हर चालवून पाहिली, तर एकाचे चक्र फिरेना आणि दुसऱ्याची गोळी निशाणापर्यंत पोहोचेना. तो दिवस फसल्यावर चालेल असे पिस्तूल शोधत गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला गेले. तिथे जे मिळाले ते बेरेटा. हे माहीत असलेल्या माणसाला चित्रपटातला तो शेरा ऐकून हसू येत नाही. मलाही येत नाही.

वॉल्थरची महतीही वास्तवाने तपासली आहे. २० मार्च १९७४ रोजी लंडनमध्ये राजकन्या ॲन यांचे अपहरण करण्याचा प्रयत्न झाला. त्यांचे अंगरक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन यांच्याकडे पीपीके होते. ऐन वेळी ते अडकले. बीटन यांनी तीन गोळ्या अंगावर झेलल्या, आणि ते वाचले. बेरेटा अडकते म्हणून ज्याची शिफारस झाली, तेच अडकले.

मराठी रहस्यकथेत तपशील नसतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी या प्रसंगाकडून धडा जरूर घ्यावा, पण योग्य तो. मॉडेलचे नाव आणि नळीची लांबी कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. ‘डॉक्टर नो’मध्ये हे आकडे कुणाच्या तोंडी आहेत आणि ऐकताना कुणाची मान खाली जाते आहे, हे लेखकाला ठाऊक होते. तेवढे ठाऊक असेल तर एखादे चुकीचे होल्स्टरही वाचक पोटात घालतो. आणि ज्या कथेत पिस्तुलाची सगळी मापे बरोबर आहेत, पण गोळी ज्याला लागते तो माणूस कुणीच नाही, तिथे ती मापे मला मोजावीशी वाटत नाहीत.